वीस हात दोर

नगराळ्यांच्या घरात भांडण कधी उभ्याउभ्या होत नसे. आधी सगळ्यांनी बसायचं, चहा यायचा, चहाबरोबर जरीपटक्याच्या बाजारातले आलूबोंडे यायचे, आणि ज्याच्या त्याच्या तोंडातला घास संपेल तसा जो तो बोलायला लागायचा. त्या शनिवारी दुपारीही तसंच झालं. फक्त धम्मानंदच्या बशीतला आलूबोंडा जसाच्या तसा राहिला. त्याच्या बायकोला, नीलाला, तेवढ्यावरून कळलं की आजचं काही खरं नाही.

खोलीच्या मधोमध सतरंजीवर दोराचं वेटोळं पडलं होतं. पांढरा नायलॉनचा दोर, बोटाएवढा जाड, एका टोकाला लोखंडी खुंटीसाठी फास आणि दुसऱ्या टोकाजवळ एक गाठ. सातपुडा कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरचं मधलं वर्तुळ याच दोरानं आखलं जाई. मोसमातल्या पहिल्या मॅचआधी मुख्य कोचनं स्वतःच्या हातानं फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, रेघ ओढायची. मध्यावर खुंटी धरायला एक माणूस, बाकी सगळं कोचनं. खेळाडूंनी रेघेबाहेर गोल उभं राहायचं, आणि कोच वाकून रेघ ओढत ज्याच्यापाशी येईल त्याला त्याच्या वाट्याचे दोन शब्द सांगायचा. सांगताना कोचनं मान वर करायची नाही, खेळाडूनं उत्तर द्यायचं नाही. ज्यानं वर्तुळ आखलं तो त्या वर्षीचा कोच. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तर मोडायची कुणाची छाती नव्हती.

उद्या सकाळी हा दोर पायलनं धरायचा होता. धम्मानंदची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, कॉलेजच्या पंचाहत्तर वर्षांतली पहिली बाई कोच. बापानं तेवीस वर्षं सांभाळलेली जागा मुलीला मिळत होती. दुसऱ्या कुठल्याही घरात आज पेढे वाटले गेले असते. पण पायलनं गुरुवारी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं, की कोचांच्या बोर्डावर माझ्या आजोबांचं, धोंडबा नगराळ्यांचं नाव लागल्याशिवाय मी दोराला हात लावणार नाही. प्राचार्य सभ्य माणूस. ते म्हणाले, काही पुरावा आणा. बोर्ड नव्यानं रंगवणं सुरूच आहे, उद्या सकाळपर्यंत नाव घालता येईल. पुरावा नसेल तर नाव नाही. आणि तुम्ही वर्तुळ आखलं नाहीत, तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी आखून घ्यावं लागेल.

“दुसरं कोणीतरी म्हणजे कोच गेला हातचा,” धम्मानंद म्हणाला. “पोरी, तुले समजून राहिलं का काही?”

“समजते बाबा. आबाजीचं नाव येत असन, त मी दोर धरते. नाही त नाही.”

“अन् हे तुह्या डोक्यात घातलं कोणं, तेही मले माहीत आहे.”

ज्यांनी घातलं त्या सिंधूताई समोरच बसल्या होत्या. धम्मानंदची थोरली बहीण, पासष्ट ओलांडलेली, परिचारिका म्हणून धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयुष्य काढलेली. आवाज न चढवता माणसाला गप्प करायची कला त्या तिथंच शिकल्या होत्या.

“घातलं म्हणजे काय गा?” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं झाले, मी एकच गोष्ट सांगून राहिली. बापू कोच होता.”

“बापू ग्राउंडमन होता, ताई! मैदान आखत होता, फक्की मारत होता. त्यात लाज कायची? मले कधी वाटली नाही. मी त पेपरात छापून आणलं.”

त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथं फ्रेममध्ये शहाण्णव सालचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. ‘फक्की मारणाऱ्याचा मुलगा झाला मुख्य कोच.’ खाली तेहतीस वर्षांचा धम्मानंद, शिट्टी गळ्यात, छाती दोन इंच पुढं. हे कात्रण वाचून सिंधूताई तेव्हा म्हणाल्या होत्या, “कोचाचा पोरगा कोच झाला, असं लिहा म्हणा त्याइले.” त्यावरून बहीणभावांचं जे वाजलं, त्यानंतर वर्षभर त्या या घराची पायरी चढल्या नव्हत्या.

“अंकुश, तू सांग बावा,” धम्मानंदनं धाकट्या भावाला मध्ये ओढलं.

अंकुश मिहानमध्ये, विमानं दुरुस्त होतात त्या हँगरमध्ये कामाला. सहा फूट एक इंच उंच, घरात सगळ्यात लांब, आणि फुटबॉलशी उभा दावा. लहानपणी अंगणात बॉल आला की हा पुस्तक घेऊन आत जायचा. घरच्या भांडणात तो नेहमी पुराव्याच्या बाजूनं असे, आणि पुरावा बहुतेक वेळा थोरल्या भावाकडं असे.

“दादाचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “ताई, तू खोटी आहे असं नाही म्हणत मी. पण आमच्याकडं एक बोल्ट मोजल्याशिवाय विमान हलत नाही. नुसतं ‘मी पाहिलं’ म्हणून कोणी बोर्डावर नाव लिहीन का?”

“नीला, तू कोणाकडून आहे वं?” सिंधूताईंनी विचारलं.

“मी चहाकडून आहे,” नीला म्हणाली आणि कप गोळा करू लागली. मग दारात थबकून म्हणाली, “पण ताई, पोरीची नोकरी जाऊन राहिली. मामंजीचं नाव आज नाही त उद्या लागन. नोकरी उद्या लागन का?”

म्हणजे तिघं एकीकडे आणि आत्या-भाची दुसरीकडे. अंकुशनं घड्याळ पाहिलं, गाडीची किल्ली उचलली आणि “येतो मी अर्ध्या तासात,” म्हणून निघून गेला. धम्मानंदला वाटलं, पळाला. भांडण रंगात आलं की अंकुशला नेहमी काहीतरी काम आठवायचं.

धम्मानंदनं दोर उगाच मांडीवर घेतला.

तो बोर्ड त्याला तोंडपाठ होता. लोकांना आपल्या सात पिढ्यांची नावं सांगता येतात, त्याला ही सात नावं यायची. पहिले प्राध्यापक डिसिल्व्हा, इंग्रजीचे. एकावन्न ते बासष्ट. डोक्यावर हॅट, हातात नियमांचं पुस्तक. अनवाणी पोरांना ऑफसाइड समजावता समजावता म्हातारे झाले. मग केतकरसर, गणिताचे, मॅचच्या आदल्या दिवशी फळ्यावर त्रिकोण काढून पास शिकवायचे. मग साठेसर, रसायनशास्त्राचे, एकोणसत्तर ते पंच्याहत्तर. बहात्तर साली विद्यापीठाचा चषक कॉलेजला पहिल्यांदा मिळाला तो यांच्याच काळात. मग कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार गुरुंग. त्यांच्या हाताखाली धम्मानंद स्वतः खेळला. पहाटे पाचला मैदानावर दव पडायच्या आधी सुभेदार पडलेले असत, असं पोरं म्हणायची. मग मोमिनपुऱ्याचे रहमतसर, रोज्याच्या महिन्यातही घोटभर पाणी न पिता दोन तास धावणारे. मग तो. आणि त्याच्यानंतर लॅपटॉपवाला ऋषिकेश, पाच-सहा वर्षं राहून पुण्याच्या अकादमीत गेलेला.

हॅटवाला, गणितवाला, फौजी, रोजेदार. एकाचं एकाशी जुळत नव्हतं, आणि तरी प्रत्येकानं हाच दोर धरून, अशीच मान खाली घालून तेच वर्तुळ आखलं होतं. दोर जुना झाला की नवा दोर त्याच्या शेजारी ठेवून गाठ मारायची, मोजपट्टी लावायची नाही, हाही दंडक. कॉलेजच्या पुस्तिकेत छापलं होतं की ही रीत डिसिल्व्हासरांनी घातली. त्या वर्तुळात उभं राहिलं की धम्मानंदच्या अंगावर आजही काटा यायचा. या एवढ्या मोठ्या रांगेत फक्की मारणाऱ्याचा पोरगा उभा राहिला, हे त्याच्या आयुष्याचं सोनं होतं. त्या रांगेत बहिणीच्या मायेपोटी खोटं नाव घुसवायचं, हे त्याला पाप वाटत होतं. खरं तर आणखी एक गोष्ट होती. नगराळ्यांत पहिला कोच मी, ही गोष्ट त्याला सोडवत नव्हती. पण ती त्यानं स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितली नव्हती.

फाटक वाजलं. अंकुश परत आला होता आणि त्याच्या दंडाला धरून एक म्हातारे गृहस्थ पायरी चढत होते. पांढरं धोतर, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, हातात संत्र्यांची पिशवी.

“दादा, हे महादेवराव कडू. काटोलकडचे,” अंकुश म्हणाला. “बहात्तरच्या टीमचे कॅप्टन. कॉलेजातल्या चषकाच्या फोटोखाली नाव होतं. कळमन्याच्या मंडीत संत्रेवाल्याइले फोन लावले तेव्हा सापडले. आज धंतोलीत डोळे दाखवायले येणार होते, म्हणून गाडी घेऊन गेलो.”

“तू शोधून राहिला होता?” धम्मानंद बघतच राहिला. “अन् इथं माही बाजू घेऊन राहिला होता!”

“पुरावा पाहिजे म्हटलं होतं मी. नाही म्हटलं नव्हतं.”

महादेवरावांनी चष्म्याआडून खोलीत इकडंतिकडं पाहिलं. “सिंधू कुठी आहे?” त्यांनी विचारलं. “खुंटी धरणारी?”

सिंधूताई उठून उभ्या राहिल्या. चौपन्न वर्षांत त्यांना ‘खुंटी धरणारी’ म्हणून कुणी हाक मारली नव्हती. मग म्हणाल्या, “महादेवभाऊ, म्या सोडली नाही जी खुंटी.”

“जय भीम, बाई,” म्हातारा म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. “आता सांगतो. आधीच सांगाले पाहिजे होतं. नीट ऐका, मी दुसऱ्यांदा नाही सांगू शकत.”

नीला पाणी घेऊन आली ती तिथंच उभी राहिली.

“साठेसर लय भले माणूस होते. पण त्याइले दमा. मैदानावर धूळ उडाली की खोकून खोकून हाल. अन् बॉल गोल असते यापलीकडं त्याइले काही माहीत नव्हतं, हे तेच सांगत. कॉलेजनं नाव लिहिलं, त्याइनं सही केली. पहिल्याच महिन्यात आम्ही सहा गोलनं हरलो. त्या दिवशी रेघा मारता मारता धोंडबा मले म्हणाला, तुमचा लेफ्ट बॅक बॉलकडं पाहते, माणसाकडं पाहत नाही. मी म्हटलं, तुले काय समजते गा? तो म्हणाला, बारा वर्षं झाले, या मैदानाच्या कडेले बसून राहिलो. डिसिल्व्हासाहेबाचं सगळं ऐकलं, केतकरसाहेबाचंही ऐकलं. मले कोणं विचारलंच नाही.”

धम्मानंदनं मांडीवरचा दोर घट्ट धरला.

“मग आम्ही त्याले विचारत गेलो. तो संध्याकाळी शिकवाले लागला. साठेसराले माहीत होतं, ते म्हणत, धोंडबा, तू सांभाळ, बॉल पाहिजे तर सांग, मी सही करतो. पण एक दिवस संस्थेचे एक सभासद आले. त्याइनं धोंडबाले किक दाखवताना पाहिलं. बापरे! ग्राउंडमन पोराइले शिकवते? तिथंच ताकीद दिली, यापुढं खेळाडूंशी बोलताना दिसला तर घरी बसवीन. तीन लेकरं होते घरी.”

“हा तेव्हा पोटात होता,” सिंधूताई अंकुशकडे बोट करून म्हणाल्या, मग स्वतःच्याच घाईवर ओशाळल्या. “आईच्या पोटात. दोन होते, तिसरा वाटेवर.”

“हाव, तेच,” महादेवराव म्हणाले. “आम्हाले वाटलं संपलं. अन् पुढच्या मॅचले आम्ही कपडे करून आलो, त धोंडबा वर्तुळ आखून राहिला. पोरगी मधात खुंटी धरून बसली. पॅव्हेलियनमध्ये ते सभासद हजर. धोंडबाची मान खाली. मी जवळून चाललो, त खालून आवाज आला. थांब, लेस बांध. मी वाकून लेस बांधाले लागलो. तो म्हणते, त्यांच्या गोलकीपरचा उजवा कोपर दुखरा आहे, तो तिकडं पडत नाही, तिकडं मार. अन् रेघ ओढत पुढं सरकला. मी बाकीच्याइले इशारा केला. एकेक जण रेघेपाशी येऊन लेस बांधाले लागला. त्यानं प्रत्येकाले त्याचं त्याचं सांगतलं. मैदान आखणं त त्याचं कामच होतं. त्याले हटकणार कोण? मान खाली घालून रेघ मारणारा माणूस बोलून राहिला, हे दुरून कोणाले दिसणार?”

नीलानं पाण्याचा पेला महादेवरावांपुढं ठेवला.

धम्मानंदच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता. तेवीस वर्षं तो पेपरवाल्यांना सांगत आला होता, ‘मान खाली, कारण ही मातीपुढची नम्रता आहे.’ नव्या पोरांना तो हेच शिकवायचा. एकदा एका पोरानं उलट उत्तर दिलं, तेव्हा त्याला दोन मॅच बाहेर बसवलं होतं. खेळाडूनं उत्तर द्यायचं नाही, कारण परंपरा. आणि खरं कारण होतं, उत्तर दिलं तर बापूची नोकरी जाईल.

“मग सुभेदारानं कसं काय उचललं हे?” त्यानं विचारलं.

“ते मले माहीत नाही. मी तोवर शेतीवर गेलो होतो,” महादेवराव म्हणाले.

“मले माहीत आहे,” सिंधूताई म्हणाल्या. “पंधरा वर्षांची होती मी. सुभेदारसाहेब पहिल्या दिवशी पॅव्हेलियनमध्ये बसले होते. फौजी माणूस, त्याइच्या नजरेतून सुटते का? उठून आले अन् पोराइच्या रांगेत येऊन उभे राहिले. बापू रेघ ओढत त्याइच्या बुटापाशी आला अन् थांबला. त्याले वाटलं, गेली नोकरी. साहेबानं विचारलं, ‘धोंडबा, ये टीम किसकी है?’ बापूनं हात जोडले. म्हणाला, साहेब, कोणाले सांगू नका. साहेब म्हणाले, मी आत्ता जाऊन सांगतो की कोच हा आहे. बापू रडकुंडीले आला. तेव्हा साहेब म्हणाले, ‘ठीक है. तू सांगू देत नाही, तर मी मिटूही देणार नाही. आज से ये गोला कोच खींचेगा. जैसे तू खींचता है, वैसे ही. गर्दन नीचे.’ अन् बापूच्या हातातून दोर घेतला. कोण्या कोचानं फक्कीले हात लावला, तो पहिला दिवस.”

म्हणजे सुभेदारांना ठाऊक होतं. दहा-अकरा वर्षं त्या कडक माणसानं दर मोसमाला एका ग्राउंडमनची नक्कल केली, सगळ्यांसमोर, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. रहमतसरांनी ती सुभेदारांकडून घेतली, त्यानं रहमतसरांकडून. पुस्तिकेनं ती डिसिल्व्हांच्या नावावर टाकली. आणि बापू ती सगळी वर्षं खुंटीपासून चार हातांवर, चुन्याची बादली घेऊन उभा असायचा. धम्मानंद पहिल्यांदा टीममध्ये आला तेव्हाही होता. सुभेदार वाकून त्याच्यापाशी आले, म्हणाले, ‘डर मत, तेरा लेफ्ट अच्छा है.’ ते वाक्य त्याला जन्मभर पुरलं होतं. आपल्या डाव्या पायाविषयी सुभेदारांना पहिल्याच दिवशी कसं कळलं, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटेना.

“ताई, मले काहून नाही सांगतलं बापूनं?”

“तू चारचौघात बोलला असता गा. तुले पोटात काही राहते का? अन् तो गेल्यावर मी सांगतलं, त तू ऐकलं नाही.”

धम्मानंदनं मांडीवरचा दोर सतरंजीवर ठेवला.

अंकुश मात्र अजून उभाच होता. “हे सगळं ठीक आहे,” तो म्हणाला, “पण उद्या कोणी म्हणन, दोन म्हाताऱ्यांची गोष्ट आहे. महादेवराव, दोराचं सांगा. गाडीत सांगत होते ते.”

“दोर माह्या शेतातल्या अंबाडीचा होता, पहिला. साठेसरानं पुस्तकात पाहून सांगतलं, वर्तुळ दहा यार्डाचं, म्हणजे तीस फूट. धोंडबा म्हणाला, तीस फूट म्हणजे वीस हात. अन् स्वतःच्या हातानं मोजून गाठ मारली. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. पण माणूस उंच, हात लांब. वर्तुळ हातभर मोठं झालं. समोरच्या टीमा बोंबलत, पण मोजते कोण?”

सातपुड्याचं वर्तुळ हातभर मोठं आहे, हे नागपुरातल्या प्रत्येक रेफरीला माहीत होतं. त्याचं श्रेय सगळे गुरुंगांच्या फौजी पावलांना देत.

अंकुशनं खिशातून स्टीलची टेप काढली. फास पायलला धरायला लावला, गाठीपर्यंत टेप नेली. खोली पुरेना, म्हणून दोर दोनदा दुमडावा लागला. “नऊ मीटर साठ,” तो म्हणाला. “असायले पाहिजे नऊ पंधरा.” मग त्यानं टेप खाली ठेवली, शर्टाची बाही वर केली आणि गुडघे टेकून सतरंजीवर बसला. घरात बापूसारखा उंच तो एकटाच. धम्मानंद आईवर गेला होता, आखूड.

अंकुशनं फासाशी कोपर टेकवला. मधल्या बोटाशी खूण धरली, कोपर पुढं आणला. एक. दोन. पायल मोठ्यानं मोजू लागली. दहाच्या पुढं नीलाही मोजू लागली. सतरा, अठरा. एकोणीस. अंकुशनं विसाव्यांदा कोपर टेकवला, हात सरळ केला, आणि त्याचं मधलं बोट गाठीवर येऊन थांबलं. अलीकडं नाही, पलीकडं नाही.

जन्मात बॉलला पाय न लावलेला अंकुश तसाच ओणवा राहिला. त्याच्या पाठीवरून कळत होतं की तो रडतो आहे.

“एवढ्या वेळा दोर बदलला, दादा,” तो म्हणाला, “अन् बापूचा हात तेवढाच राहिला.”

धम्मानंद उठला. त्यानं भिंतीवरचं कात्रण खिळ्यावरून काढलं आणि कपाटामागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. नगराळ्यांतला पहिला कोच म्हणून तो तीस वर्षं जगला होता. आता तो दुसरा झाला होता, आणि त्याला कसं हलकं वाटत होतं. त्यानं कोरा कागद महादेवरावांपुढं ठेवला. “भाऊ, लिहून द्या. डोळ्याले त्रास होत असन त मी लिहितो, तुम्ही सही करा.”

“मी लिहितो,” म्हातारा म्हणाला. “चषक हातात घेऊन फोटो मी काढला, अन् तोंड शिवून घरी गेलो. एवढं त मीच लिहिलं पाहिजे. साठेसराचं नाव पुसू नका मात्र. त्याइच्या खाली धोंडबाचं लिहा.”

संध्याकाळी महादेवरावांना घेऊन धम्मानंद आणि पायल प्राचार्यांच्या घरी गेले. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. मग पेंटरला, दुर्गेशला, फोन लावला.

रविवारी सकाळी आठ वाजता बोर्डावरचा रंग अजून ओला होता. दुर्गेशनं चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘धोंडबा नगराळे, १९७०–१९७५.’ धम्मानंद त्या ओळीपुढं बराच वेळ उभा राहिला. तीन ओळी खाली त्याचं स्वतःचं नाव होतं, ते पाहायचं तो विसरला.

मैदानावर पायलनं दोर उचलला. मध्यावर सिंधूताई जमिनीवर बसल्या, दोन्ही हातांनी खुंटी धरून, नऊवारीचा काष्टा मारावा तसा पदर खोचून. अकरा पोरं गोल उभी राहिली. महादेवरावही काळा चष्मा लावून त्यांच्यात जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शेजारी धम्मानंद आणि त्याच्या शेजारी अंकुश उभा राहिला. कुणी कुणाला हटकलं नाही.

पायलनं रेघ ओढायला सुरुवात केली. पहिल्या पोरापाशी ती थांबली, ताठ उभी राहिली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून स्पष्ट आवाजात त्याला काय करायचं ते सांगितलं. पोरगं गोंधळलं. मग म्हणालं, “हो, मॅडम.” पॅव्हेलियनमध्ये कुजबुज झाली. पायल पुढं सरकली.

ती धम्मानंदपाशी आली तेव्हा तो सवयीनं खाली, स्वतःच्या बुटांच्या लेसकडे बघत होता.

“बाबा, मान वर करा,” पायल म्हणाली. “आता पाहू द्या सगळ्याइले.”

त्यानं मान वर केली. आयुष्यात किती वेळा तो या रेघेवर उभा राहिला होता, आधी खेळाडू म्हणून, मग कोच म्हणून, पण रेघ ओढली जात असताना त्यानं समोर कधी पाहिलं नव्हतं. पॅव्हेलियन गच्च भरलं होतं. ते त्याला वाटलं होतं त्याहून फार जवळ होतं. पहिल्या रांगेत बसलेली माणसं एकमेकांशी बोलत होती, आणि त्यांचे हलणारे ओठ त्याला इथून स्वच्छ दिसत होते. म्हणजे मान वर असती, तर तिथून बापूचेही दिसले असते.

“पुढं सरक वं पोरी,” मध्यावरून सिंधूताई ओरडल्या. “दोर ढिला पडून राहिला.”